सोमवारचा सर्व्हे

“मुळे मैडम, रामकन्या का लेटर बना दीजिए,” भटनागर साहेब म्हणाले. “तारीख सोमवार की डालिए. छठा हफ़्ता भी लाल ही आएगा, मुझसे लिख के ले लो.”

शुक्रवारची दुपार होती. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. त्यावर आमच्या कारखान्याचे सहा सेक्शन सहा चौकोनांत दिसतात. त्या दिवशी पाच चौकोन हिरवेगार होते आणि एक लाल. लाल चौकोन फिनिशिंगचा होता, आणि फिनिशिंगच्या सुपरवायझर म्हणजे रामकन्याबाई.

लेटर त्यांना सुपरवायझरच्या जागेवरून काढून परत हेल्पर करण्याचं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या हेल्पर म्हणूनच आल्या होत्या. आता सेक्शनमधल्या अठ्ठावन्न बायकांना त्यांनीच कात्री हातात धरायला शिकवलेलं. पन्नाशी उलटल्यावर त्याच बायकांच्या शेजारी, टेबलाच्या टोकाला त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं.

“बनवते, सर,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फार वाईट वगैरे वाटलं नाही. मी या कारखान्यात एच.आर. मॅनेजर आहे. एच.आर. म्हणजे माणसं घ्यायची, माणसं काढायची आणि मधल्या काळात ती खूश आहेत असं दाखवायचं, अशी आमच्या यांची व्याख्या आहे. हे बँकेतून रिटायर झालेत, त्यांना बोलायला काय जातं! पण अगदीच खोटं म्हणत नाहीत. सव्वीस वर्षांत इतकी लेटरं टाइप केलीत की हात आपोआप चालतात.

कारखाना उज्जैनच्या बाहेर आहे. टी-शर्ट शिवतो आम्ही. चारशेच्या आसपास बायका, बहुतेक शहरातल्या जुन्या वस्त्यांतल्या आणि जवळच्या गावांतल्या. एकीकडे कापड कापतात, ते कटिंग. मग शिलाईच्या चार लाइनी. शेवटी फिनिशिंग, म्हणजे लोंबणारे धागे कापायचे, डाग बघायचे, इस्त्री करायची, घडी घालून पिशवीत भरायचं.

सात महिन्यांपूर्वी हेड ऑफिसने पल्स सर्व्हे सुरू केला. पल्स म्हणजे नाडी. आधी वर्षातून एकदा साठ प्रश्नांचा फॉर्म यायचा. बायका कंटाळून एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका मारायच्या, आणि आम्ही तो वाचून काढेपर्यंत निम्म्या नोकरी सोडून गेलेल्या असायच्या. त्यापेक्षा दर आठवड्याला तीनच प्रश्न विचारायचे. एंगेजमेंट, एंगेजमेंट म्हणतात ती हीच. माणसाचं कामात मन किती आहे, एवढंच बघायचं असतं. वर्षातून एकदा विचारून ते कळत नाही, कारण मन काही वर्षभर एका जागी बसून राहत नाही.

सोय छान होती. प्रत्येक सेक्शनच्या दाराशी एक टॅबलेट. लंचहून परत येताना त्यावर बोट ठेवायचं. बाईचा आवाज हिंदीत प्रश्न वाचून दाखवतो, खाली पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. नाव नाही, नंबर नाही, कोणी काय दाबलं ते कोणालाच कळत नाही. पहिला प्रश्न, इथे काम करताना कसं वाटतं? दुसरा, तुमचं म्हणणं सुपरवायझर ऐकून घेतात का? तिसरा, पुढच्या वर्षीही इथेच काम करावंसं वाटतं का? सगळ्याची सरासरी काढून संध्याकाळी सेक्शनचा रंग स्क्रीनवर येतो. साडेतीनच्या खाली गेलं की लाल. तोच रंग गेटवरच्या बोर्डावरही लागतो. आणि सहा आठवडे सलग लाल, तर सुपरवायझर बदलायचा. सर्व्हेचा वार हेड ऑफिसने ठरवला होता, सोमवार. आठवड्याची सुरुवात म्हणून.

मी टेबलाशी येऊन लेटर काढलं. नाव भरलं, सेक्शन भरला. मग ‘कारण’ आलं. आमच्याकडे हेल्परच्या वरच्या जागेवरून कोणाला उतरवायचं तर कारणासोबत कागद जोडावा लागतो. म्हणून मी सर्व्हेच्या आत शिरून फिनिशिंगचे आकडे काढले. सात महिन्यांत पहिल्यांदा! त्याआधी मी फक्त रंग बघत आले होते. हिरवा दिसला की बरं वाटायचं आणि मी पुढच्या कामाला लागायची.

फिनिशिंगची सरासरी तीन पॉइंट चार. पण सुटे आकडे बघून मी चष्मा पुसला. पहिल्या प्रश्नाला, काम करताना कसं वाटतं, दीड. पाचपैकी दीड! दुसऱ्या प्रश्नाला, सुपरवायझर ऐकतात का, पावणेपाच. तिसऱ्याला चार.

मतलब काय झाला? काम करताना हाल आहेत, बाई चांगली आहे आणि नोकरी सोडायची नाही. मग आम्ही कोणाला काढत होतो? बाईला!

मी मागचे आठवडे उघडले. पहिल्या महिन्यापासून तेच. आधी सरासरी रेषेच्या जरा वर राहायची म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पाच आठवड्यांपूर्वी ती जरा खाली सरकली इतकंच. मग बाकीच्या पाच सेक्शनांचे आकडे उघडले. तिथे पाच, पाच, पाच. कुठे एखादा चार पॉइंट नऊ. चारशे बायकांच्या कारखान्यात साडेतीनशे बायका दर आठवड्याला पूर्ण खूश? माझ्या घरात दोन माणसं आहेत, तीही एका वेळी खूश नसतात.

लेटर मी अर्धंच ठेवलं.

शनिवारी सकाळी टावर चौकातून स्टाफ बसने गेले ती थेट फिनिशिंगला. एक स्टूल घेतलं आणि टेबलाजवळ बसले. रामकन्याबाई लगबगीने आल्या. बुटक्या, सावळ्या, डोक्यावरचा पदर पिनांनी घट्ट बसवलेला. “मैडम, कुछ काम था?”

“काही नाही दीदी, बस बैठी हूँ. आप काम करो.”

कोणी काय दाबलं हे विचारायचं नाही, हा अशा सर्व्हेचा पहिला नियम. बघायला मात्र बंदी नाही. म्हणून मी बघत बसले. आणि काय सांगू, सव्वीस वर्षं याच छताखाली असून त्या बायकांचे हात मी कधी नीट बघितले नव्हते. शर्ट आला, उलटा झाला, दोन्ही बाह्यांचे धागे गेले, गळ्याचा गेला, पुन्हा सुलटा, डाग बघितला, पुढे सरकला. इतक्यात दुसरा आलेलाही असतो. एक बाई माझ्याशी घरच्या लग्नाबद्दल बोलत होती, तिची नजर माझ्याकडे होती आणि कात्री बरोबर धाग्यावरच पडत होती. एकदाही कापडाला लागली नाही. मी तोंडावर हात ठेवून बघतच राहिले.

तास दीड तासाने दुसरी गोष्ट दिसली. टेबलाच्या टोकाला खिळ्यावर पिवळी प्लास्टिकची पट्टी लटकवलेली. तो टॉयलेटचा पास. जिला जायचं ती पट्टी गळ्यात घालून जाते, परत येऊन अडकवते, मग दुसरी जाऊ शकते. एका सेक्शनला एकच पास. ही सिस्टिम दोन वर्षांपूर्वी भटनागर साहेबांनी आणली होती, काम रेंगाळू नये म्हणून. फाइलवर माझीही सही आहे. फाइलवर ती ठीकच वाटली होती. इथे अठ्ठावन्न बायका होत्या आणि एक पट्टी.

पाण्याच्या बाटल्या रांगेत ठेवलेल्या. सगळ्या भरलेल्या. इस्त्रीची वाफ, वर पत्रा, आणि पाणी कोणी पीत नव्हतं.

मी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पण एक कोडं सुटलं तर दुसरं उभं राहिलं. पास तर सगळ्याच सेक्शनांना होता. शिलाईला तर एकेका लाइनीत सत्तर सत्तर बायका. मग त्यांचं पाचपैकी पाच कसं?

सोमवारी जेवायच्या सुट्टीत मी कँटीनला गेले. एरवी डबा टेबलावरच खाते. कँटीन चालवणारा कैलाश मला बघून धावत आला. “आओ मैडम, आज तो खिचड़ी खाओ, साबूदाने की. एकदम खिली-खिली बनी है.”

“रोटी नाही?”

“है ना. पर सोमवार को आधी ही बनाता हूँ. कौन खाता है? सब का व्रत रहता है.”

मी मान वर करून कँटीन बघितलं. टेबलांवर साबूदाणा, केळी, उकडलेले बटाटे. कपाळांवर चंदन. काहींचे केस अजून ओलसर होते. राम घाटाकडून येणाऱ्या बसमधल्या बायका सोमवारी पहाटे नदीवर जाऊन मगच ड्यूटीवर येतात. उज्जैन आहे हे, सोमवार महाकालचा वार. लहानपणापासून मी हे बघत आलेय. बघत आलेय, आणि सात महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हेड ऑफिसने नेमका कोणता वार निवडलाय. कपाळावर हात मारला मी!

शिलाईच्या दोन नंबर लाइनीतली सुनीता समोर केळं सोलत होती. तिशीची, तिखट, युनिफॉर्मवरून माझ्याशी दोनदा भांडलेली. सर्व्हेचं उत्तर विचारायचं नव्हतं, म्हणून मी आडवळणाने गेले. “सुनीता, सोमवारच्या व्रताला काय काय पाळतेस?”

“नमक नहीं, अन्न नहीं,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “ग़ुस्सा नहीं करना. किसी की बुराई मुँह पे नहीं लाना. बुराई करी तो व्रत गया.”

“आणि ते टॅबलेट असतं दाराशी, त्याचं काय?”

ती हसली. “वो भी तो बोलना ही हुआ न मैडम. बटन से बोला तो क्या, बोला तो सही. जिसका नमक खाते हैं उसको सोमवार के दिन रोता मुँह कैसे दिखाएँ? हम सब तो हँसता वाला दबा देते हैं. झूठ नहीं बोला, अच्छा बोला.”

“आणि मंगळवारी विचारलं असतं तर?”

“मंगलवार को पूछ के देखो,” सुनीता म्हणाली आणि केळ्याचं साल असं काही टाकलं की मला उत्तर मिळालं.

मी उठले. साडेतीनशे बायकांनी सात महिने एकमेकींशी काही न ठरवता, कोणी न सांगता, जीभच नाही तर बोटसुद्धा सांभाळलं होतं. गळ्यापर्यंत तक्रार असलेली सुनीता, माझ्याशी कॉलरच्या बटणावरून भांडणारी सुनीता, दर सोमवारी हसरा चेहरा दाबून आत जात होती. एवढा संयम! मला शाळेत मास्तरांनी, घरी आईने, ऑफिसात साहेबांनी सांगून सांगून आला नाही.

पण मग फिनिशिंग? त्याही बायका उपास करतातच की. त्यांच्याही कपाळावर चंदन होतं.

रामकन्याबाई सेक्शनमध्ये एकट्याच होत्या, पुढच्या लॉटच्या पिशव्या मोजत. मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. आडवळणाने जायची ताकदच उरली नव्हती.

“दीदी, तुमचंही सोमवारचं व्रत असतं ना?”

“हओ मैडम. बाईस साल से.”

“बाकीच्या म्हणतात, व्रताला कोणाची बुराई करायची नाही. म्हणून टॅबलेटवर हसरा चेहरा दाबतात. तुमच्या बायका का नाही दाबत?”

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. “मेरी वालियों ने भी पूछा था, पहले ही सोमवार को. दीदी, क्या करें? मैंने कहा, बुराई तो वो होती है जो पीठ पीछे करो. यहाँ तो कंपनी खुद पूछ रही है, सामने से, कि बता कैसा लगता है. जो पूछ रहा है उसको सच बताना बुराई कैसे हुई? और झूठ बोलने से भी तो व्रत टूटता है. तो सच दबाओ. जितना है उतना ही दबाओ. न कम, न ज़्यादा.”

दोन दोन चार म्हणावं तसं त्या बोलल्या होत्या.

“पण तुम्हाला माहीत आहे का, लाल रंग लागला की सुपरवायझरचं काय होतं ते?”

“गेट पे लिखा है, मैडम. छह हफ़्ते. आज छठा है.” त्यांनी बोटांवर मोजलंही नाही. “मुझे पता है मैं हेल्पर में जाऊँगी.”

“आणि तुमच्या बायकांना?”

“उनको भी पता है. तीसरे हफ़्ते सब मिलके आई थीं. बोलीं, दीदी, हम पाँच-पाँच दबा देते हैं, आपकी नौकरी का सवाल है. दो-तीन तो रोने लगीं. मैंने डाँट दिया. मैंने कहा, मेरे लिए सोमवार को झूठ दबाओगी, तो फिर कौन सा मुँह लेके जल चढ़ाओगी? और मैं कौन सा मुँह लेके जाऊँगी?”

ही बाई पाच आठवडे रोज सकाळी गेटवर स्वतःच्या नावापुढचा लाल रंग बघून आत येत होती. एक शब्द बोलली असती तर संध्याकाळपर्यंत तो हिरवा झाला असता. अठ्ठावन्न जणी बोट उचलून तयार होत्या. आणि त्या अठ्ठावन्न जणीही काय कमी? आपल्या लाडक्या बाईची खुर्ची जातेय हे दिसत असताना, तिनेच सांगितलं म्हणून, दर सोमवारी खरं तेवढंच दाबत राहिल्या. मी देवळात गेल्यावरही इतक्या मनापासून हात जोडले नसतील, तितके तेव्हा मनातल्या मनात जोडले.

आणि मग मी मूर्खासारखं विचारलं, “दीदी, पासचा एवढा त्रास होता तर मला का नाही सांगितलंत?”

“कहा था मैडम. तीन बार. मीटिंग में.” आवाजात राग नव्हता, हाच तर ताप. “आपने लिखा भी था.”

टेबलाशी येऊन मी मीटिंगच्या नोंदींची फाइल काढली. होतं. तिन्ही वेळा होतं. ‘फिनिशिंग सुपरवायझर यांनी टॉयलेट पासबाबत अडचण मांडली. नोंद घेतली.’ माझंच अक्षर. अगदी सुवाच्य. मला स्वतःची इतकी लाज वाटली की फाइल बंद करून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

चार वाजता फिनिशिंगला सहावा लाल लागला. साडेचारला मी भटनागर साहेबांसमोर उभी होते.

“लेटर?”

“नाही आणलं, सर. मला बुधवारपर्यंत वेळ पाहिजे.”

साहेब कानपूरचे. माणूस वाईट नाही. कामाला वाघ, पण स्क्रीनवर दिसतं तेच खरं मानणारा. “बुधवार को क्या होगा?”

“तोच सर्व्हे परत घेते. तेच प्रश्न, तेच टॅबलेट. फक्त वार बदलायचा.”

“दिन बदलने से क्या होता है, मैडम? आदमी ख़ुश है तो ख़ुश है.”

“सोमवारी इथे उपास असतो, सर. उपासाला कोणी वाईट बोलत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सव्वीस वर्षांनी बाईचं डोकं फिरलं वाटतं. मग म्हणाले, “ठीक है. बुधवार. पर बाकी पाँच हरे आए तो लेटर उसी शाम को. फिर कोई कहानी नहीं.”

“मंजूर,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण सुनीताच्या एका केळ्याच्या सालावर मी रामकन्याबाईंची नोकरी पणाला लावली होती.

बुधवारच का, तर सात वारांत मोकळा वार शोधणं म्हणजे उज्जैनमध्ये सोपं काम नाही. मंगळवार हनुमानाचा. गुरुवारी पिवळं खातात. शुक्रवारी आंबट वर्ज्य. शनिवारी तेल वाहायला जातात. बुधवार गणपतीचा खरा, पण आमच्या कँटीनमध्ये बुधवारी रोट्या पूर्ण लागतात, हे मी कैलाशला विचारून घेतलं. एच.आर.च्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

बुधवारी मी कोणाला काही सांगितलं नाही. लंचनंतर टॅबलेट सुरू केले आणि दोन नंबर लाइनीपासून लांब, खिडकीशी उभी राहिले. सुनीता आली. टॅबलेट दिसल्यावर थबकली. “आज? आज तो बुधवार है!” मागच्या बाईकडे वळून काहीतरी बोलली. मागची तिच्या मागचीला. रांग हलली. एरवी बायका चालता चालता टक टक टक तीनदा दाबून आत जायच्या. त्या दिवशी प्रत्येक बाई थांबत होती. प्रश्न पूर्ण ऐकत होती. एक बाई तर दुसऱ्या प्रश्नावर इतका वेळ उभी राहिली की मागची म्हणाली, अब दबा भी दे. मी बघत होते. माणसं खरं बोलायच्या आधी किती वेळ घेतात, हे मला त्या रांगेत दिसलं.

चार वाजता मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते स्क्रीनकडे तोंड करून उभे होते. एक एक चौकोन भरत होता.

कटिंग, लाल. शिलाई एक, लाल. शिलाई दोन, लालभडक. तीन, लाल. चार, लाल. सगळे दोनच्या आसपास. सुपरवायझर ऐकतात का, याला कुठे दीड, कुठे दोन.

शेवटी फिनिशिंग आलं. तीन पॉइंट चार.

तेवढंच! सोमवारी जेवढं होतं तेवढंच. वार बदलला, उपास नव्हता, सगळा कारखाना धडाधड खाली आला आणि अठ्ठावन्न बायका जिथे होत्या तिथेच. जितकं आहे तितकंच, न कम, न ज़्यादा. सहा चौकोन लाल होते आणि त्यांत सगळ्यात वर फिनिशिंग होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांसमोर आलं, पण मी पुसलंही नाही.

साहेब खुर्चीत बसले. “तो सात महीने से हम नाप क्या रहे थे, मैडम?”

“उपास, सर.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता भडकतील. पण ते हळूच म्हणाले, “और वो पहला सवाल? इतना कम क्यों है, सब जगह?”

मी पासबद्दल सांगितलं. तुमची सिस्टिम, माझी सही, असंही सांगितलं. माझ्या हातच्या तीन नोंदीही समोर ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्या. मग उठले, कारखान्यात घालायची टोपीसुद्धा न घालता फ्लोअरवर निघाले. मी मागे. कटिंगपासून सुरुवात केली आणि फिनिशिंगपर्यंत प्रत्येक सेक्शनची पिवळी पट्टी स्वतःच्या हाताने खिळ्यावरून काढली. फिनिशिंगला पोचले तेव्हा सहा पट्ट्या हातात होत्या. रामकन्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असणार, लेटर आलं.

“रामकन्या जी,” साहेब म्हणाले. त्यांना ‘जी’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. “आपकी कुर्सी कहीं नहीं जा रही.”

रामकन्याबाईंनी मान हलवली. नमस्कार केला नाही, रडल्या नाहीत. त्यांनी त्या पट्ट्यांकडे बघितलं, मग वळून सेक्शनला ओरडल्या, “अरे छोरियों, पानी पी लो!”

अठ्ठावन्न बाटल्या उघडल्याचा आवाज आला. मी सगळं आयुष्य ऑफिसात काढलं, असा आवाज कधी ऐकला नव्हता.

काम रेंगाळलं नाही. सर्व्हे आता कधी बुधवारी तर कधी दुसऱ्या एखाद्या दिवशी, कैलाशला विचारून घेतो. गेटवरचा रंगांचा बोर्ड काढला. सहा लालचा नियमही गेला. शिलाईच्या सुपरवायझरांना आठवड्यातून एक तास रामकन्याबाईंकडे बसायला पाठवतो. काय शिकवता म्हणून विचारलं तर त्या म्हणतात, कुछ नहीं, बस सुनना सिखाती हूँ. हेड ऑफिसमधून फोन आला की आपके प्लांट का स्कोर सब से नीचे कैसे चला गया. मी म्हटलं, वर होता तेव्हा तुम्ही फोन का नाही केलात, तेव्हा काळजी करायची होती.

या धंद्यात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी एकच सांगते. उत्तरं मोजायच्या आधी बघा, समोरच्याला वाईट उत्तर द्यायची मोकळीक आहे का. नसेल तर हिरव्या रंगाचा काही उपयोग नाही.

हे सांगताना एक गोष्ट मी सहसा गाळते. इथे गाळत नाही. त्या स्क्रीनवर ऑफिस स्टाफ दिसत नाही, पण आमचाही सर्व्हे असतो, चौदा जणांचा, माझ्याच दाराशी. परवा त्याचे जुने आकडे उघडले. तिन्ही प्रश्नांना चौदाच्या चौदा जणांचे पाच. म्हणजे साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडून, मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत, दर सोमवारी मीही हसरा चेहरा दाबून गेले होते.

आणि सोमवारचा उपास मी करत नाही.